धाकटीसाठी प्लेअर निवडताना

बाबा, धाकटीने मुलुंडच्या घरी होम थिएटर करायला घेतलं आणि त्यातला स्ट्रीमिंग प्लेअर निवडायला मला बोलावलं. आवाजातलं कळतं ते आमच्या दादाला, असं ती अजून नवऱ्याला सांगते, आणि मला ते आवडतं. फोनवर मी तिला सगळं समजावलं. फाईलमध्ये सिनेमाचा आवाज पूर्ण असतो, पण बरेच प्लेअर पुढे पाठवताना तो छाटतात. आपल्याला असा हवा, जो काहीही न गाळता तो जसाच्या तसा ॲम्प्लिफायरला देईल. हे खरंच आहे. मी वाचलेलं आहे.

अंधेरीच्या दुकानात विक्रेत्याने आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि एकच प्रसंग दोन प्लेअरवर लावला. जंगल, चालणारा माणूस, झाडीत काहीतरी हलतंय. संपल्यावर दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, दुसरा घे. पहिल्यात पानांची सळसळ दबली होती, दुसऱ्यात पान न् पान सुटं ऐकू आलं. विक्रेता रिमोटकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सॉरी सर, इनपुट बदललाच नव्हता. दोन्ही वेळा पहिलाच वाजला."

बाबा, सळसळ मला एकदाही ऐकू आली नव्हती.

धाकटीने पटकन वायरींचं काहीतरी विचारून विषय बदलला. खाली आल्यावर, रिक्षाची वाट बघताना म्हणाली, "दादा, तुला कमी ऐकू येतं का रे?" मी म्हणालो, दुकानात एसीचा आवाज केवढा होता. आणि वर परत जाऊन तिला दुसराच प्लेअर घ्यायला लावला, जो वाजलाच नव्हता. तिने मुकाट्याने घेतला. माझी लाज राखायला घेतला, हे मला तेव्हाच कळलं होतं.

तुमचे कान तर चाळिशीतच गेले. पोस्टाच्या खिडकीतून तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगायचात, मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं. रविवारी तुम्ही भात लावायचात, शिट्टी कळावी म्हणून तळहात ओट्यावर टेकवायचात, तरी चुकायचात आणि आई हसायची. तुम्हीही हसायचात. एकदा पाहुण्यांना मी हळू आवाजात तुमच्याबद्दल सांगत होतो, तेव्हा तुम्ही मला आत बोलावलंत. "कमी मला ऐकू येतं," म्हणालात, "तू का कुजबुजतोस?" त्यानंतर तुमच्या कानांची मला कधी लाज वाटली नाही. स्वतःच्या कानांची वाटेल, असं कुठे माहीत होतं.

गेल्या रविवारी तिच्याकडे सगळे सिनेमा बघायला जमलो होतो. मध्येच सगळ्यांनी एकदम मागे वळून पाहिलं. मागच्या स्पीकरमधून काहीतरी आलं असणार. मी क्षणभर उशिरा वळलो, त्यांचं बघून, आणि "झकास," म्हणालो. धाकटी पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

हे पाठवायला पत्ता नाही. असता तर बहुतेक लिहिलंच नसतं. काल तिचा फोन आला होता. शेवटी हळू आवाजात तिने काहीतरी विचारलं, आणि मी हो म्हणालो. कशाला हो म्हणालो, ते मला अजून माहीत नाही.