शेवटचा गडी येईपर्यंत

ब्राउनश्वाइग, ३ ऑक्टोबर

ती. विब्केताईस,
धाकट्या योर्नचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लेखणी धरली. हार्त्सच्या डोंगरातली मोटरसायकलींची सहल संपून दोन आठवडे झाले, तरी तुझं नाक फुगलेलंच! अगं, चूक माझी नाही, रस्ता दाखवणाऱ्या मोबाइलची. हातमोज्याला तो दाद देत नाही, उन्हात पडदा दिसत नाही आणि हँडलच्या थरथरीने त्याचा कॅमेराही कामातून गेला.

म्हणून मेमधल्या नॉर्वेसाठी मोटरसायकलचं खास वाटाड्या यंत्र घेतोय. एक मोठ्या पडद्याचं आहे, दुसरं लहान पण पावसाला पुरून उरणारं. तुझ्यासाठीही घेतो. कोणतं घेऊ? आपल्या दोघांची बोटीची तिकिटं काढून ठेवली आहेत.

राग ओसरल्यावर जो काही लोभ उरेल, तो या धाकट्यावर असू दे.
तुझा योर्न

हुसुम, ९ ऑक्टोबर

चि. योर्न यास,
आशीर्वाद. रीत म्हणून लिहिते, मनातून देववत नाहीत.

यंत्राचं नाव पुढे करतोस? नाचता येईना, अंगण वाकडं! तू एकोणीस वर्षांचा असताना टोळीचा नियम मीच तुला शिकवला. पुढारी वळला की त्याच्या मागचा गडी वळणावर थांबतो, बाकीच्यांना वाट दाखवतो आणि शेवटचा गडी आल्याशिवाय हलत नाही. त्या दिवशी आपल्या टोळीचा पुढारी ओन्नो होता आणि शेवटचा गडी तू. ओन्नोने मला फाट्यावर उभं केलं. चौघे गेले. तू आला नाहीस.

फोनला रेंज नव्हती. तासभर वाट पाहिली. मग गाडी फाट्यावरच ठेवली, न जाणो तू आलास तर, आणि मागे चालत निघाले. प्रत्येक वळणाला दरीत डोकावले. कुठे चाक दिसतंय का, तुझं निळं जाकीट दिसतंय का. दोनदा काट्यांत उतरले. तुला हाका मारून घसा बसला. आईला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

दोन तासांनी ओन्नो मला शोधत आला आणि म्हणाला, योर्न केव्हाच ठरलेल्या कॅफेत पोचलाय, केक खातोय. आलुबुखाराचा, आणि दुसरा तुकडा! तुझ्या कानफटात द्यावीशी वाटली आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही, त्याचीच आता चीड येते.

मोबाइलने वरचा रस्ता दाखवला, मान्य. पण तिथून फाटा दिसतो, मी नंतर जाऊन पाहिलं. तुला मी दिसलेच नाही का? खरं लिही, नाहीतर माझं तिकीट परत कर.

तब्येतीस जप. कळावे, रागासकट,
विब्के

ब्राउनश्वाइग, १४ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न.

दिसलीस. पिवळ्या जाकिटात, हात वर करून उभी होतीस.

पेट्रोलपंपावर सगळे मला शेपूट म्हणून चिडवत होते. मोबाइल म्हणाला, वरच्या रस्त्याने चौदा मिनिटं वाचतील. एकदा तरी ओन्नोच्या आधी पोचावं, असं वाटलं. ताई दहा मिनिटं बघेल आणि निघेल, अशी मनाची समजूत घातली. पोचल्यावर लक्षात आलं की तू हलणार नाहीस. परत यायची लाज वाटली, म्हणून केक मागवला. कसला गाढव आहे मी!

माफी मागायला तोंड नाही. तिकीट परत करू का, तेवढं कळव.
योर्न

हुसुम, १९ ऑक्टोबर

चि. योर्न यास, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून भिंतीवर कप फेकला. खरं लिहिलंस म्हणून तो तुझ्या डोक्यात घालायला तिकडे आले नाही.

तिकीट राहू दे. यंत्र लहानच घे, पावसात टिकणारं, आणि आपोआप रस्ता बदलायची सोय आधी बंद कर. मला नको, माझा कागदी नकाशा टाकीवरच्या पिशवीत असतो.

नॉर्वेत आपण दोघंच. तू पुढे, मी मागे. प्रत्येक फाट्यावर तू थांबायचंस. मी कधी येईन ते विचारायचं नाही. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला आणि मी दिसले नाही, तर कुठे कुठे डोकवायचं, ते तुझं तुला सुचेल.

कळावे,
विब्के