सगळ्यांच्या पडद्यावर गेलेली चिठ्ठी

आबा,

पाया पडतो. जेवण येळेवर हाय. एका जागी बसवत नाही, पण काम सोडलं नाही. ऑफिसातली माणसं सुचेल ते कॉम्प्युटरवर सगळ्यांना दिसणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्यांत लिहितात. मिसळलेली मेंढरं निवडावीत तशा मी त्या वेगळ्या लावतो. मग मतं घेऊन पहिलं काम ठरतं. आईची शेळी व्याली का?

काल मंगलताईचं फोनवरचं बोलणं डोक्यात घोळत होतं, ते चुकून सगळ्यांच्या पडद्यावरच लिहिलं: 'आबांचा गुडघा दुखतोय, तरी औंदा मेंढरं घेऊन एकटंच निघणार. जाऊ का?' पुसायच्या आत त्यालाच लय मतं पडली. मॅडम म्हणाल्या, "सूरज, आधी हे!"

शनिवारी येतो. माझ्याबिगर निघू नका.

तुमचा भटक्या,
सूरज