रजिस्टरातली दोन वर्षं

गुरुजी, परवा माझी जन्मतारीख बदलली. मी छप्पन्न वर्षांची आहे, अठ्ठावन्न नव्हे, हे कचेरीनं शिक्का मारून मान्य केलं. सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेची मी मुख्याध्यापिका आहे, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती कुठं नोकरीला लागले होते आणि राज्य अजून साहेबाचं होतं. येत्या मे महिन्याअखेर हार-नारळ देऊन मला घरी पाठवायची तयारी चालली होती. ती आता दोन वर्षं लांबली. ही दोन वर्षं आली कुठून म्हणून काय विचारता? अहो, तुम्हीच घातली होती की ती!

मला ती सकाळ चांगली आठवते, निदान आईनं, आमच्या अव्वानं, इतक्यांदा सांगितलीय की आठवते असंच वाटतं. बार्शीच्या पलीकडलं आपलं गाव, मारुतीच्या देवळामागची एकखणी शाळा, आणि माझ्या वडिलांचा, अप्पांचा, करडईचा घाणा दोन घरं सोडून. घाण्याच्या बैलाच्या पायात पायात करते म्हणून अप्पांनी मला थोरल्या भावाबरोबर शाळेत आणलेलं. तुम्हाला तर मुलगी हवीच होती. वर पाठवायच्या पत्रकात प्रत्येक पोराचं नाव, वय, इयत्ता आणि निकाल लिहावा लागे, आणि मुलींच्या रकान्यात तुमच्या शाळेचं शून्य दर साली शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांना खुपत असे. पण सहा वर्षांखालचं पोर घ्यायचं नाही असा नियम. हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर सहाचं, हे तेव्हाचं माप. माझा हात कसला पुरतोय? मग तुम्ही हलकेच माझी मान वाकवलीत आणि कान बोटांना आणून लावलात. अप्पा व्हरांड्यातनं म्हणाले, "गुरुजी, चार वर्साची हाय की वो ती. दसऱ्याला पाचवं लागंल. सा कशी हुईल?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "चार लिहिली तर घरी न्या. सहा लिहिली तर इथं बसेल." अप्पांनी एकदा घाण्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "खरं तर चारच हाय," असं पुन्हा एकदा बोलून ते निघून गेले. तुम्ही सहा लिहिलीत, तारीख एक जून. आपल्या शाळेतली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मलेली होती म्हणा.

तिसरीत होते तेव्हा डिप्टीसाहेब तपासणीला आले. कोट, फेटा, पायात बूट, आणि त्यांच्यासाठी पाटलाच्या वाड्यातनं आणलेली खुर्ची. ते पत्रक घेऊन एकेकाला उभं करत होते. वय बघायचं, इयत्ता बघायची, आणि दोन्हींचा मेळ बसला नाही की तुमच्याकडं बघायचं. मागच्या बाकावरचा मिसरूड फुटलेला गडी उभा राहिला तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, हा तिसरीत शिकतो की शिकवतो?" सगळे हसले. मग माझी पाळी आली. "मुली, तुझं वय किती?" आणि मी, मूर्ख कार्टी, ताठ उभी राहून विचारते, "खरं सांगू का रजिस्टरातलं सांगू?"

तुमचा चेहरा पार उतरला. आज कळतं की तुमची नोकरी त्या घटकेला माझ्या जिभेवर होती. तेव्हा मला वाटलं, मी फार हुशारीचं बोलले. साहेबांनी चष्मा खाली केला, एवढंच म्हणाले, "आधी निकाल बघू," आणि तोंडी हिशेब घातला. पायलीचे चार शेर, पावणेसात पायलीचे शेर किती? मी बोटं न मोडता सत्तावीस म्हणाले. त्यांनी आणखी दोन घातले, मी दोन्ही सोडवले. साहेबांनी पत्रकावर सही केली आणि वयाबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत. मला वाटलं छडी बसणार. तुम्ही म्हणालात, "वय घरचं असतं, रजिस्टर शाळेचं असतं. घरचं उचलून शाळेत आणायचं नाही. कळलं?" आवाज असा कापत होता की मी त्याच्यानंच रडायला लागले. मार चालला असता.

त्या दोन वर्षांनी काय केलं ते मी पुढं शंभर ठिकाणी छाती पुढं करून सांगितलंय. माझ्या बरोबरीच्या पोरींची लग्नं उरकत होती. बाराव्या वर्षी मलाही बघायला आले. मी खऱ्या वयानं शाळेत गेले असते तर तेव्हा पाचवीत असते, आणि पाचवीतली पोरगी कुठल्या कागदाच्या जोरावर सासरी तोंड वर करणार? पण मी सातवीत होते, जिच्या जोरावर मास्तरकी मिळे त्या फायनलच्या परीक्षेला बसलेली होते. लग्न व्हायचं ते वैशाखात झालंच, पण निकाल त्याच्या आधी आला आणि मी केंद्रात मुलींमध्ये पहिली होते. त्या कागदावर ट्रेनिंग झालं, नोकरी झाली, नवऱ्यामागं दोन पोरं वाढवली. कुणी काही म्हणो, मी चांगली मास्तरीण झाले. लई चांगली. हे मीच म्हणते, कारण तुम्ही म्हणायला उरला नाहीत.

आणि म्हणूनच मला घरी बसायचं नव्हतं. माझ्या सातवीत दहा-बारा पोरी विणकरांच्या घरच्या आहेत, घरात तेलुगू बोलतात, आणि आया त्यांना विडीची पानं कापायला घरी ठेवायला टपलेल्या. मी रोज सकाळी त्यांच्या दारात उभी राहते. मी गेल्यावर कोण राहील? आमचा क्लार्क म्हणाला, "बाई, इतक्या उशिरा वय दुरुस्त करत नाहीत, पण गावच्या जन्मनोंदीचा उतारा आणला तर बघू." बार्शीला तीन खेपा घातल्या. उतारा मिळाला. अप्पांनी सांगितलेलं वय तंतोतंत खरं निघालं, अगदी दसऱ्यासकट.

अर्जात एक रकाना होता: नोंद चुकीची कोणी व कशामुळे दिली. तो मी दोन दिवस कोरा ठेवला. तुमचं नाव लिहायचं म्हणजे सरकारी कागदावर तुम्हाला खोटी वयं लिहिणारा मास्तर ठरवायचं. ज्या माणसानं मला माणसात आणलं त्याला? छे! तिसऱ्या दिवशी मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "वडील अशिक्षित असल्याने त्यांनी मुलीचे वय दोन वर्षे जास्त सांगितले." क्लार्क वाचून म्हणाला, "अडाणी माणसांचं असंच असतंय हो बाई." मी मान डोलावली. अर्ज पंधरा दिवसांत मंजूर झाला, आणि मी शाळेत पेढे वाटले.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, ते टेबलाच्या खणात राहील. मला पश्चात्ताप झालाय असं समजू नका. ती दोन वर्षं मला हवी होती आणि मी ती घेतली. फक्त एवढंच सांगायचं होतं की त्या सकाळी व्हरांड्यात खरं बोलणारे एकटे अप्पा होते, दोनदा बोलले होते. तुमचं नाव लिहायला माझा हात दोन दिवस धजला नाही. अप्पांचं लिहिताना तो जरासुद्धा अडला नाही.