सातव्या नंबरची घागर

मुरुड, मे १९८३

चि. दानम्मास अनेक आशीर्वाद.

नव्या लातूर जिल्ह्याच्या पाट्या रंगून झाल्या. पाणी मात्र अजून टँकरचेच आहे. रांगेतल्या घागरींवर खडूने नंबर घालण्याचे काम गावाने माझ्याकडे दिले, कारण मुख्याध्यापिका पक्षपात करत नाही, असा माझा लौकिक.

त्या सोमवारी खातूनबीची घागर सातवी होती. मशिदीपुढून गेलेल्या मिरवणुकीवरून आदल्या दिवशी गावात भांडण झालेले. कुणीतरी आकडा पुसून तिची घागर शेवटी सारली. सरपंच नागप्पांनी विचारले, "बाई, हिचा नंबर किती व्हता?" सगळे माझ्याकडे पाहत होते.

"लक्षात नाही," मी म्हणाले.

"अक्का, सात व्हता की!" तू ओरडलीस.

टँकर संपला. खातूनबी रिकामी घागर घेऊन परतली. घरी मी तुला उद्धट म्हटले. तू न जेवता उदगीरला सासरी निघून गेलीस.

तेव्हापासून खातूनबीची घागर रोज शेवटीच राहिली. आज मी ती सातवी लावली आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "सोमवारी मी खोटे बोलले." नागप्पांनी माझ्या हातून खडू काढून घेतला.

खातूनबी हसली. "आठ दिवसानं याद आली का, बाई? लई जल्दी आली!"

दानम्मा, तुझे बरोबर होते. हे कागदावर लिहिणे फार सोपे गेले, म्हणूनच हे पत्र टाकणार नाही. उद्याच्या एसटीने येते. तुझ्या सासूबाईंदेखत, दारात उभी राहून सांगेन. मग आत घ्यायचे की नाही, ते तू ठरव.

तुझी अक्का,
शांतम्मा