चिंधी सोडलेलं वाळूक

शेवंताच्या पप्पा,

मी दिंद्रुडला साखराआक्काकडं चालले. भाकरी टोपल्यात हायेत, पिठलं तुमचं तुमी करून घ्या.

बियाला राखलेलं वाळूक तुमी सोसायटीच्या चेरमनला कापून घातलं. ह्या घरात फळाला चिंधी बांधली की लेकरूसुदिक त्याला हात लावत न्हाई. तुमी ती चिंधी सोडून, घडी घालून भिंतीवर ठेवली. म्हणजे कळत होतं तुमाला.

टँकरच्या पाण्यात आंगुळ्या करून, ते सांडपाणी धरून तो एक वेल मी जगवला. बी तुमच्या आईच्या हातचं. अजून पंधरा दिवस थांबला असता तर पिकलं असतं. हिरवंच कापलं, आत बी भरलंच नव्हतं. वर म्हणता, सोसायटीत पाकिटातलं बी मिळतंय. मिळतंय की. पण त्याचं बी धरून पुढल्या साली पेरलं तर तसंच वाळूक येतं का, ते चेरमनलाच इचारा.

दोन सालामागं आक्काला मीच मूठभर बी दिलतं. आता तेच मागायला तिच्यापुढं पदर पसरायचा.

शेंड्याला एक बारकं वाळूक धरलंय. ते पिकंल का न्हाई, सांगता येत न्हाई, पण रोज दोन तांबे पाणी घाला. त्यालाबी चिंधी बांधलीय. सोसायटीनं सत्काराला दिलेली तुमची शाल फाडलीय त्यासाठी. ती सोडताना तरी हात थांबंल.

रतन