बाप्तिस्म्यापूर्वीची सहल

॥ देवमाता प्रसन्न ॥

नाफ्प्लिओ, मंगळवार, १२ मे १९८७

चि. सौ. एर्सी हिस,
सासऱ्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सुखरूप पोहोचलो. पोहोचताच फोन करा, असे चि. लांब्रोसने बजावले होते. परंतु फोनवर मनुष्य तोंडाला येईल ते बोलतो आणि नंतर नाकबूल करतो. ज्या विषयावरून मी घरातून रागाने निघालो, तो विषय कागदावरच शोभतो. अथेन्सला जाणाऱ्या सायंकाळच्या बसच्या चालकाकडे हे पाकीट देत आहे. उत्तर त्याच्याच हाती द्यावे. तो सकाळी पुन्हा येथे येतो.

आमच्या घराण्यात पहिल्या नातवास आजोबांचे नाव मिळते. माझे आजोबा त्रिआंदाफिलोस, वडील लांब्रोस, मी त्रिआंदाफिलोस, माझा मुलगा लांब्रोस. आता बाळाची पाळी आली, तर तुला इआसोन हे नाव ‘प्राचीन आणि सुटसुटीत’ वाटते. ठीक. आज आमच्या पेन्शनर मंडळास कॉरिंथचे अवशेष दाखवण्यात आले. मार्गदर्शक कुमारी वासो हिने भर उन्हात जे सांगितले, ते तुला कळवणे मी कर्तव्य समजतो. तुझा हा इआसोन याच गावी राहत होता. त्याच्यासाठी बायकोने बाप सोडला, देश सोडला. आणि याने तिला टाकून राजाच्या मुलीशी सोयरीक जुळवली. पुढे त्या घरात जे घडले, ते लेकुरवाळ्या बाईस लिहिण्याजोगे नाही. माझ्या शेजारच्या सीटवर फ्रोसोबाई म्हणून एक विधवा आहेत. चीजचे पॅटिस खाता खाता त्या म्हणाल्या की असला जावई माझ्या वाट्याला आला असता, तर त्याला दाराबाहेर काढून मागून लाटणेही फेकले असते.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. तथापि मी आयुष्यभर वनरक्षक होतो. मूळ पाहिल्याशिवाय फांदीला हात घालू नये, एवढे मला कळते.

बाप्तिस्मा चोवीस तारखेस आहे. बाळास माझे नाव मिळणार नसेल, तर मी सहलीवरून परस्पर गावी जाईन. चर्चमध्ये माझी वाट पाहू नये.

कळावे. लोभ आहे; तो गृहीत मात्र धरू नये.

तुझा सासरा,
त्रिआंदाफिलोस


अथेन्स, १३ मे

ती. स्व. बाबांस,
एर्सीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बसवाल्याने ते देताना विचारलं की आत कोर्टाचे कागद आहेत काय, कारण आजोबांनी सही घेतल्याशिवाय देऊ नको म्हणून दम भरलाय. मी सही केली.

इआसोन रद्द. बायको टाकणाऱ्याचं नाव मलाही नको; उगाच लांब्रोसच्या डोक्यात काही यायला नको. पण बाबा, तुमचं नाव बाळापेक्षा लांब आहे हो! शाळेत हजेरी घेताना बाईंना मध्येच पाणी प्यावं लागेल. खालच्या किराणावालीला मी सहज सांगून पाहिलं, तर तिने विचारलं की यात आडनाव धरलंय की ते आणखी वेगळं? आमच्या अख्ख्या किप्सेली वस्तीत या नावाचं एकही पोर नाही. वर अर्थ तीस पाकळ्यांचा गुलाब. पोरं सुगंध घेत मागे लागतील त्याच्या.

ओरेस्तीस कसं वाटतं? भारदस्त, राजपुत्राचं नाव. उद्या तुम्ही मायसीनीला जाणार ना, त्याच्याच राजवाड्यात? माझा नमस्कार सांगा.

गोळी जेवणानंतर घ्यायची, आधी नाही. पॅटिस दोनच. बाळाला खालचा दात आलाय आणि त्याने पहिला चावा लांब्रोसच्या नाकाला घेतला.

रुसवा असू द्या, पण मफलरही असू द्या. 

तुमची,
एर्सी


॥ देवमाता प्रसन्न ॥

नाफ्प्लिओ, १४ मे

चि. सौ. एर्सी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा नमस्कार मी पोहोचवला नाही. त्याचे कारण असे की ओरेस्तीसने स्वतःच्या आईला ठार मारले. आईला. आपल्या घरात ती जागा तुझी आहे, हे मी नम्रपणे निदर्शनास आणतो.

त्याच्या आईने त्याच्या बापास मारले होते. त्याचा पणजोबा तर रथाच्या शर्यतीत सारथ्याला लाच देऊन जिंकला आणि मग त्याच सारथ्याला त्याने समुद्रात ढकलले. हे ऐकून आमचा बसचालक बाबिस याने गाणे बंद केले आणि आरशात पाहून विचारले की त्या घराण्यातले कोणी गाडीत असेल तर आत्ताच सांगा, पुढे रस्ता समुद्राच्या कडेने आहे. सिंहांच्या त्या प्रचंड दरवाजाखाली उभे राहून माझ्या मनात आले, एवढाले दगड ज्यांनी वर चढवले, त्यांना घरात शांतता काही राखता आली नाही.

कुमारी वासो म्हणते की आजवर प्रवासी तिला राजवाडा कोणी बांधला ते विचारत आले. कोणी कोणास मारले एवढेच टिपून घेणारा प्रवासी तिने प्रथमच पाहिला. मी तिला कारण सांगितले नाही. घरची गोष्ट आहे.

हेराक्लीस हे नाव सुचवू नये. त्याच्याविषयी मी आगाऊ चौकशी केली आहे. स्वतःच्या मुलांनाही त्याने जिवंत सोडले नाही.

गोळी जेवणानंतरच घेत आहे. 

लोभात वाढ वा घट नाही. कळावे.

त्रिआंदाफिलोस


अथेन्स, १५ मे

ती. स्व. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून लांब्रोस इतका हसला की बाळ रडायला लागलं. मला मात्र शेवटी हसू आलं नाही. तुम्ही चर्चमध्ये नसाल, तर लोक मलाच विचारतील, आणि लांब्रोस नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघेल. हट्ट तुमचा, आणि बोल मला. हे बरं आहे!

म्हणून रात्रभर जागून एक नाव काढलंय. अरिस्तिदीस. दंतकथेतला नाही, खराखुरा माणूस. अख्खं अथेन्स त्याला न्यायी म्हणायचं. ना कुणाला मारलं, ना कुणाला टाकलं, ना कुणाचं खाल्लं. तुमच्या त्या वासोला विचाराच. याच्यात खोट काढलीत तर मी हरले. नाही निघाली, तर बाळ अरिस्तिदीस, आणि तुम्ही पहिल्या रांगेत नवा कोट घालून उभे. कबूल?

रागावलेली, पण पाया पडणारी,
एर्सी


॥ देवमाता प्रसन्न ॥

नाफ्प्लिओ, १६ मे

चि. सौ. एर्सी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अरिस्तिदीसविषयी विचारले. खोट निघाली नाही. गावाने त्यास हद्दपार केले होते, परंतु ते तो फार चांगला आहे याचा कंटाळा येऊन. मनुष्य सचोटीचा होता. तू जिंकलीस. बाळास ते नाव द्यावे. माझी हरकत नाही.

मी मात्र गावी जाईन. हा राग समजू नये. घर बरेच दिवस बंद आहे, कौले पाहावयास हवीत.

आज एपिडॉरसचे नाट्यगृह पाहिले. खाली मधोमध एक गोल दगड आहे. त्यावर उभे राहून कुजबुजले तरी सर्वांत वरच्या पायरीवर स्पष्ट ऐकू येते, असे कुमारी वासो म्हणाली. शिकलेल्या मुलींना असे काहीतरी सांगावेच लागते. मंडळी वर जाऊन बसली. गुडघ्यांमुळे मी खालीच राहिलो आणि त्या दगडावर काही वेळ एकटा उभा होतो.

तेव्हापासून बसमधील लोकांचे वागणे मला समजत नाही. बाबिसने मला पुढची सीट दिली, जी तो कोणासही देत नाही. कोणी पाणी विचारते, कोणी खांद्यावर हात ठेवते. फ्रोसोबाईंनी न मागता चार पॅटिस दिले व नाक पुसत दुसरीकडे पाहिले. माझ्या प्रकृतीविषयी कोणी अफवा पसरवली असल्यास शोध घेईन.

बाळास माझा आशीर्वाद सांगावा. लोभ आहेच.

त्रिआंदाफिलोस


नाफ्प्लिओ, १६ मे

चि. एर्सी,
अनेक आशीर्वाद.

पोरी, तू मला ओळखत नाहीस. तुझ्या सासऱ्याच्या शेजारी बसणारी मी फ्रोसो. पत्ता त्यांच्याच पाकिटावरून चोरून घेतलाय. हे पत्र वाचलंस की चुलीत घाल, कारण त्यांना कळलं तर ते चालत्या बसमधून उतरतील.

आज त्या थिएटरात आम्ही सगळे वर चढलो आणि ते खाली उभे राहिले. दुकान बंद आहे ना, असं बघावं तसं चारी बाजूंना बघितलं. हॅट काढली. आणि स्वतःचंच नाव घेतलं. मोठ्याने नाही गं. संध्याकाळी आपण माणसाला जेवायला हाक मारतो ना, तसं. मग स्ताव्रूलाशी बोलायला लागले. ती तुझी सासू, एवढं मला ठाऊक आहे. तिला सांगत होते की तू गेल्यापासून मला या नावाने कोणी हाक मारलेली नाही. कुणाचा मी बाबा, कुणाचा आजोबा, ऑफिसात नुसतं आडनाव, कारावेलास. पोराला हाक मारताना तरी ते घरात ऐकू आलं असतं, म्हणाले. पण जाऊ दे, सून गुणी आहे, तिला त्रास नको.

सगळं ऐकू आलं, अगदी कानात सांगितल्यासारखं. आम्ही पन्नास म्हातारे वर बसून होतो, आणि कुणाची नाक शिंकरायची छाती होईना, न जाणो खाली ऐकू जायचं. तो बाबिस, एवढा दांडगट, काळा चष्मा लावून बसला.

नाव काय ठेवायचं ते तू आई आहेस, तू बघ. मी फक्त ऐकलं ते लिहिलं. माणूस खडूस आहे, पण पॅटिस खाऊन झाल्यावर कागदाची घडी घालतो. असे थोडेच उरलेत.

माया असू दे, ओळख नंतर होईल.

फ्रोसो


अथेन्स, १७ मे

ती. स्व. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

अरिस्तिदीस रद्द. मी नीट विचार केला. एवढा न्यायी माणूस घरात असला, की दर भांडणात मीच चुकीची ठरणार. सबब तुमचे मुद्दे मला पटले आहेत, सगळेच्या सगळे. बाप्तिस्म्यात नाव उच्चारणाऱ्या धर्ममातेलाही सांगून टाकलंय. ती सकाळपासून आरशासमोर तुमचं नाव पाठ करतेय.

आज सकाळी मी बाल्कनीत जाऊन ते मोठ्याने म्हणून पाहिलं. एक अख्खा श्वास लागतो, पण गल्लीच्या टोकापर्यंत जातं. बाळाने मान वळवून पाहिलं. तेव्हा आता तयारी ठेवा. त्रिआंदाफिलोस, खाली उतर. त्रिआंदाफिलोस, तोंडातलं काढ. त्रिआंदाफिलोस, जेवायला चल, सूप गार होतंय. दिवसभर हेच चालायचं. तुमच्या दुपारच्या झोपेचं खोबरं झालं, तर तक्रार ऐकून घेणार नाही. आणि दुसरं मूल झालं तर त्याच्या नावात तुम्ही तोंड घालायचं नाही.

कौलं लांब्रोस बघून येईल. तुम्ही सरळ घरी या.

वाट पाहत आहे. 

एर्सी


॥ देवमाता प्रसन्न ॥

नाफ्प्लिओ, सोमवार, १८ मे

चि. सौ. एर्सी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वाचले. मुद्देसूद लिहिले असता सुशिक्षित मनुष्यही ऐकतो, हे माझे मत खरे ठरले. तू मोकळेपणाने हार मानलीस, हे तुझ्या माहेरच्या वळणास शोभणारे आहे. बसमधील मंडळींस मी केवळ एवढेच कळवले की नातवाचे नाव निश्चित झाले. त्यावर बाबिसने उगाचच दहा मिनिटे भोंगा वाजवला आणि फ्रोसोबाई रडल्या. या बाईंची प्रकृती बरी नसावी.

उद्या ऑलिंपियास जात आहोत. गुरुवारी घरी येतो. नवा कोट इस्त्री करून ठेवावा.

दोन अटी आहेत. एक, नाव तोडून लाकीस, फिलीस असे काही करू नये. हाक पूर्ण नावानेच मारावी. दुसरी, बोलावणे बाळास आहे की मला, हे प्रारंभी ध्यानात येणार नाही. तेव्हा बाळास ओ देता येईपर्यंत ती मी देत जाईन. त्याबद्दल घरात कोणी हसू नये.

कळावे. लोभ पूर्ण आहे.

त्रिआंदाफिलोस (थोरला)