तिसऱ्या ओळीनंतर

ताइपे, ५ मार्च

ती. छिंगशुईमामांस,
वानयूचा सा. न. वि. वि.

मामींच्या कॅसेटवरून आपल्या डोंगरगाण्याची व्हायोलिन आणि चेलो अशा दोन वाद्यांसाठी रचना करून झाली. तिसऱ्या ओळीनंतर मामी चार मात्रा गप्प राहतात. ती शांतता मी जशीच्या तशी ठेवली. आमचे सर म्हणाले, तुमच्या अख्ख्या हंगछुन गावाचा विरह त्यात आहे. मला तर लिहिताना रडूच आलं.

रेकॉर्डिंग सोबत पाठवते. बावीस तारखेला कार्यक्रम आहे. गाणं मामींचं, म्हणून तुमचा होकार आला तरच वाजवायचं. त्या गेल्यापासून तुम्ही चंद्रवीणा खुंटीवरून काढली नाही, असं आई सांगते. ऐकायला तरी याल ना?

लोभ आहे तो वाढवावा, आणि कांदे पाठवावेत.
तुमची भाची,
वानयू

हंगछुन, ११ मार्च

चि. वानयूस अनेक आशीर्वाद.

कांद्याची काढणी चालू आहे. डोंगरवाऱ्याने माझी टोपी दोनदा शेजाऱ्याच्या वाफ्यात नेऊन टाकली.

तुझं वादन ऐकलं. अगं, तिथे तुझी मामी सुपारीची पिंक टाकायला दारापर्यंत जायची. जाऊन यायला चार मात्रा. सरांना म्हणावं, विरह लालभडक होता. मी खुर्चीतून पडायचाच राहिलो. तीन वर्षांत या घरात कुणी एवढं हसलं नव्हतं.

होकाराचं नंतर कळवतो, आधी हसणं आटपू दे.
तुझा मामा

ताइपे, १४ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

सरांना सांगायची माझी छाती नाही. त्या चार मात्रांची शांतता काढली, तिथे चेलोला सूर दिले. आता तरी होकार द्या. नाहीतर कार्यक्रमातून नाव मागे घेते.

वानयू

हंगछुन, १८ मार्च

चि. वानयूस आशीर्वाद.

ती शांतता काढू नकोस. चाळीस वर्षं मी त्या चार मात्रा तिची वाट पाहत थांबायचो, आणि दर वेळी मनात चिडायचो. काल चंद्रवीणा खाली काढली, तारा बदलल्या. तिसरी ओळ संपली आणि बोटं आपोआप थांबली. मी दाराकडे पाहिलं. फार आठवण आली गं.

होकार आहे. कांद्याची पिशवी घेऊन बावीसला येतो, चंद्रवीणाही आणतो. फक्त त्या चार मात्रांत कुणी काही वाजवायचं नाही. तिला परत यायला तेवढा वेळ लागतो.

तुझा मामा